अमेरिकेतल्या सरकारी शाळा: कोणासाठी काढल्या आणि कोणाला आत घेतलं?

हेमांगी_जर्सी

अमेरिकेत घर घ्यायचं म्हटलं की आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण आधी शाळेचं रेटिंग बघतो. दहापैकी नऊ असेल तर घर लहान चालेल, ऑफिस लांब पडलं तरी चालेल. आम्हीही तसंच घेतलं. पण ही शाळा फुकट कशी काय, तिचे पैसे कोण भरतं, पाच मैलांवरच्या गावातली शाळा इतकी वेगळी का, आणि मुळात ह्या शाळा काढल्या कशासाठी, यावर आपल्या गप्पांमध्ये कोणी बोलत नाही. मी बरेच दिवस यावर वाचतेय, जमेल तसं लिहिते, तुम्ही भर घाला.

सुरुवात धर्मातून झाली. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट लोकांनी १६४७ साली कायदा केला की ज्या गावात ५० कुटुंबं असतील त्या गावाने लिहायवाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा आणि १०० झाली की ग्रामर स्कूल काढायचं. कारण काय तर माणसाला बायबल स्वतः वाचता येत नसेल तर सैतान त्याला फसवतो. कारण आज विचित्र वाटेल पण शाळा ही गावाची जबाबदारी आहे ही गोष्ट देश जन्माला यायच्या आधी सव्वाशे वर्षं ठरून गेली.

मग स्वातंत्र्यानंतर पश्चिमेकडची जमीन मोजून विकायला काढली, तेव्हा १७८५ च्या कायद्यात लिहिलं की सहा मैल लांब सहा मैल रुंद अशी टाउनशिप आखायची, तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे पाडायचे आणि त्यातला १६ नंबरचा तुकडा शाळेसाठी राखून ठेवायचा. मला हे वाचून थांबायला झालं. गाव वसलेलं नाही, रस्ता नाही, मुलं तर अजून जन्मायची आहेत, आणि नकाशावर शाळेच्या नावाने ६४० एकर आधीच बाजूला काढलेले. गंमत म्हणजे दोन वर्षांनी जी राज्यघटना लिहिली तिच्यात शिक्षणाबद्दल एक अक्षर नाही. त्यामुळे शिक्षण हा विषय राज्यांकडे आणि राज्यांकडून गावांकडे गेला, आणि आज जवळपास १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं, आहेत ती त्यामुळेच.

आजच्यासारखी शाळा मात्र होरेस मान या माणसाच्या काळातली. हा १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा पहिला सेक्रेटरी झाला. तेव्हाच्या खेड्यातल्या शाळा म्हणजे एक खोली, सगळ्या वयाची मुलं एकत्र, मास्तर हिवाळ्यापुरता. मानचं म्हणणं होतं की गरिबाचा आणि श्रीमंताचा मुलगा एकाच बाकावर बसला पाहिजे, नाहीतर हे प्रजासत्ताक टिकणार नाही. शिक्षकांना शिकवणारी देशातली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल १८३९ मध्ये त्याच्याच काळात लेक्सिंग्टनला निघाली, आणि १८४८ च्या शेवटच्या अहवालात त्याने लिहिलं की माणसांमधली विषमता मिटवायला शिक्षणाइतकं मोठं साधन दुसरं नाही. लोकांनी विरोध पण भरपूर केला, ज्याला मूलबाळ नाही किंवा ज्याची मुलं खासगी शाळेत जातात त्याने दुसऱ्याच्या पोरांसाठी टॅक्स का भरायचा? हा प्रश्न आजही दरवर्षी बजेटच्या वेळी कोणीतरी माइकवर येऊन विचारतोच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ही शाळा "सगळ्यांची" असं पहिल्या दिवसापासून म्हटलं गेलं, पण त्या सगळ्यांमध्ये कोण येतं हे पावणेदोनशे वर्षं लोकांनी भांडून भांडून वाढवत नेलंय. आपण सगळ्यात शेवटी आलो आणि आपल्याला दार उघडंच मिळालं.

मास्तर_वाईकर

हेमांगीताई, छान धागा काढलात. मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं, आता निवृत्त. मुलाकडे आलो की नातवाच्या शाळेत जातो. एक कळत नाही, सगळं गावावर सोडलंय तर शिक्षकाचा पगार कोण देतं आणि अभ्यासक्रम कोण ठरवतं? आमच्याकडे बदलीसुद्धा वरून यायची.

हेमांगी_जर्सी

काका, शिक्षक डिस्ट्रिक्टचा नोकर, बदली झाली तर त्या डिस्ट्रिक्टमधल्याच दुसऱ्या शाळेत. अभ्यासक्रमाची चौकट राज्य ठरवतं, पुस्तक कुठलं हे काही राज्यांत राज्य आणि काही ठिकाणी डिस्ट्रिक्ट ठरवतं. पैशाचं म्हणाल तर केंद्राकडून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास येतात, उरलेले राज्य आणि गाव मिळून, आणि गावाचे पैसे म्हणजे मुख्यतः घरपट्टी. आमच्या घरपट्टीच्या बिलावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), नगरपालिका आणि शाळा असे वेगवेगळे आकडे छापलेले असतात, त्यात अर्ध्याहून जास्त रक्कम शाळेची. म्हणजे गावातली घरं महाग तर शाळेकडे पैसा जास्त, आणि शाळा चांगली म्हणून घरं अजून महाग.

संदीप_सॅनअँटोनियो

घरपट्टीवरून आठवलं, आमच्या शहरातलीच केस आहे, सगळ्यांना माहिती असायला पाहिजे. १९६८ मध्ये एजवुड भागातल्या मेक्सिकन वंशाच्या पालकांनी खटला भरला. एजवुड गरीब वस्ती, अलामो हाइट्स श्रीमंत, दोन्ही ह्याच शहरात. एजवुडचे लोक दर १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट टॅक्स भरत होते आणि त्यातून त्यांच्या शाळेला मुलामागे २६ डॉलर मिळत होते. अलामो हाइट्सवाले ८५ सेंट भरायचे आणि त्यांना मुलामागे ३३३ डॉलर. जास्त दराने टॅक्स भरून तेरापट कमी! १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे आम्ही यात पडणार नाही.

म्हणूनच मी शाळा निवडायच्या हक्काच्या बाजूने आहे. पैसा घराला चिकटवण्यापेक्षा मुलाला चिकटवा, मूल जाईल तिथे पैसा जाऊ दे. मिलवॉकीत १९९० मध्ये व्हाउचर म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे आले, मिनेसोटात १९९१ मध्ये सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांचा कायदा झाला, आमच्या टेक्सासमध्ये २०२५ मध्ये खासगी शाळेसाठी सरकारी पैसे देणारा कायदा झालाय. सरकारी शाळेची ही सगळी रचना, घंटा, रांगा, वयाप्रमाणे वर्ग, गिरणीसाठी कामगार तयार करायलाच झाली होती असं मला वाटतं, ती किती दिवस कवटाळून बसायचं.

कॅरोलिनाची_सून

संदीप, एजवुडची केस लिहिलीस ते फार बरं केलंस. पण व्हाउचरचा इतिहास मिलवॉकीपासून सुरू होत नाही, तो दक्षिणेत जरा आधीपासून आहे. मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, एका छोट्या गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीसाठी स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

होरेस मान मॅसॅच्युसेट्समध्ये एकाच बाकाचं स्वप्न बघत होता तेव्हा इथे गुलाम माणसाला लिहायवाचायला शिकवणं गुन्हा होता. नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा १८३०-३१ चा, त्यात फक्त आकडेमोड शिकवायला सूट. आकडे येणारा माणूस कामाला उपयोगी, अक्षर येणारा माणूस धोक्याचा! यादवी संपल्यावर हे लोक अक्षरशः शाळांवर तुटून पडले, आजी आणि नात एका वर्गात, दिवसा काम करून रात्री चर्चमध्ये धडे. १८६८ मध्ये इथे जी नवी राज्यघटना झाली ती लिहिणाऱ्यांमध्ये काळे प्रतिनिधीसुद्धा होते, आणि त्या घटनेने सगळ्या मुलांना वर्षातून किमान चार महिने मोफत शाळा हा नियम घातला. दक्षिणेत गोऱ्या गरिबाच्या मुलालासुद्धा सरकारी शाळेची खात्री मिळाली ती ह्याच काळात, हे इथले बरेच लोक विसरलेत.

पुढे सगळं उलटं फिरलं. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टाने गोऱ्याकाळ्यांना वेगळं ठेवायला परवानगी दिली आणि "वेगळे पण समान" आलं, वेगळे झाले, समान कधीच नाही. काळ्या मुलांच्या शाळांना काउंटी फारच कमी पैसे द्यायची. मग काळ्या समाजातले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी मिळून योजना केली, रोझेनवाल्ड थोडे पैसे देणार, थोडे काउंटीने द्यायचे आणि उरलेले गावातल्या काळ्या लोकांनी उभे करायचे. १९३२ पर्यंत दक्षिणेत अशा जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या, सगळ्यात जास्त आमच्या नॉर्थ कॅरोलिनात, ८०० च्या वर. लोकांनी जमीन दिली, लाकूड कापून आणलं, शेतातला एखादा एकर कापूस शाळेच्या नावाने लावला. आणि हेच लोक सरकारला टॅक्सही भरत होते, म्हणजे एका शाळेसाठी दोनदा पैसे. आम्ही ज्या इमारतीवर काम करतो तिच्या खिडक्या माणसापेक्षा उंच आहेत, एकाला लागून एक, कारण वीज नव्हती आणि उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा असं नकाशातच आखलेलं होतं. काच बसवताना मोजमाप घेतलं तेव्हा कळलं की किती विचार केला होता लोकांनी.

आता व्हाउचरकडे येते. व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे. तिथल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं आणि मुलं साडेचारशे. जागा पुरेना म्हणून डांबरी कागदाच्या शेड उभारल्या, पाऊस आला की गळायच्या. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने हेडमास्तरांना खोट्या फोनने गावात पाठवलं, सगळ्या शाळेला हॉलमध्ये बोलावलं आणि संप केला. सगळी मुलं बाहेर. त्यातून जो खटला झाला तो १९५४ च्या ब्राउन खटल्यात जोडलेल्या पाचांपैकी एक. मे १९५४ मध्ये निकाल लागला की वेगळ्या शाळा ही मुळातच असमानता आहे. मग त्या काउंटीने काय करावं? १९५९ मध्ये मुलं एकत्र बसवा असा कोर्टाचा हुकूम आला तेव्हा शाळांना पैसे देणंच बंद केलं. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खासगी ॲकॅडमी निघाली आणि तिच्या फीसाठी पालकांना सरकारी अनुदान दिलं गेलं. काळ्या मुलांना काहीच नाही.

म्हणून "पैसा मुलामागे जाऊ दे" हे वाक्य ऐकलं की दक्षिणेतल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळं काहीतरी आठवतं.

संदीप_सॅनअँटोनियो

ताई, प्रिन्स एडवर्डचं माहिती नव्हतं इतक्या तपशिलात, वाचून सुन्न झालो. पण मिलवॉकीच्या व्हाउचरसाठी लढणाऱ्या पॉली विल्यम्स ह्या काळ्या आमदार बाई होत्या, आपल्या वस्तीतल्या मुलांना बसमध्ये घालून लांब पाठवतात आणि तरी शिकवत नाहीत म्हणून. तेच साधन कोणाच्या हातात आहे यावर फरक पडतोच ना. एजवुडच्या आईला आज, ह्या सप्टेंबरमध्ये चांगली शाळा हवी असेल तर तिने कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं का?

हेमांगी_जर्सी

संदीप, हा प्रश्न खरा आहे आणि मी त्याला टाळत नाही. पण कोर्टातून काहीच होत नाही असं नाहीये, न्यू जर्सीचं ऐक.

आमच्या राज्याच्या घटनेत १८७५ पासून एक ओळ आहे की राज्याने मोफत शाळांची "संपूर्ण आणि कार्यक्षम" व्यवस्था ठेवायची. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये तुमच्या एजवुडच्या पालकांना नाही म्हटलं, त्याच वर्षी इथल्या राज्याच्या कोर्टाने ह्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं की घरपट्टीवर चाललेली ही पद्धत घटनेत बसत नाही. विधिमंडळ ढिम्म. राज्यात तेव्हा इन्कम टॅक्सच नव्हता आणि तो लावायची कोणाची हिंमत नव्हती. तर कोर्टाने १९७६ च्या जुलैत राज्यातल्या सरकारी शाळांवर खर्च करायलाच बंदी घातली. उन्हाळी वर्ग बंद पडले आणि आठवडाभरात इन्कम टॅक्स पास झाला! आम्ही आज पगारातून जो राज्याचा टॅक्स भरतो त्याचा जन्म शाळांमुळे झालेला आहे. पुढे ॲबट खटल्यात १९९० ला कोर्टाने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत गावांइतके पैसे द्यायला लावले आणि १९९८ मध्ये तिथल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना चांगली बालवाडी. नेवार्क, कॅम्डेन, पॅटरसन अशी ती शहरं. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण ती बालवाडी राज्याबाहेरचे लोक येऊन बघून जातात इतकी नावाजलेली आहे.

आणि ते गिरणीचं. मला वाटतं तिथे वर्षं उलटी पडतात. मॅसॅच्युसेट्सने १८३६ मध्ये कायदा केला की गिरणीत काम करणाऱ्या १५ वर्षांखालच्या मुलांना वर्षातून तीन महिने शाळेत पाठवलंच पाहिजे, म्हणजे शाळा मुलांना गिरणीतून ओढून बाहेर काढत होती. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा त्याच राज्यात १८५२ ला आणि सगळ्यात शेवटी मिसिसिपीत १९१८ ला. वयाप्रमाणे वर्ग हे खरं, बॉस्टनच्या क्विन्सी शाळेत १८४७-४८ च्या सुमारास सुरू झालं, प्रत्येक शिक्षिकेला वेगळी खोली, प्रत्येक मुलाला वेगळा डेस्क. मान प्रशियाची म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यातली पद्धत बघून आला होता त्याचा हा परिणाम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हायस्कूलमध्ये कोण कॉलेजला आणि कोण सुतारकामाला अशी चाळणी लागली, त्याबद्दलची तुझी तक्रार पटते. १९१० मध्ये दहातला एकही जण धड हायस्कूल पास होत नव्हता, १९४० पर्यंत निम्मे व्हायला लागले, आणि एवढी मुलं आल्यावर त्यांची वर्गवारी करायची सवय लागली ती अजून गेलेली नाही.

आयोवाचा_शेतकरीमित्र

एक छोटी भर. उन्हाळ्याची सुट्टी शेतीच्या कामासाठी असते असं इथे सगळेच सांगतात. खेड्यातल्या जुन्या शाळा उलट हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातच भरायच्या, पेरणीला म्हणजे वसंतात आणि काढणीला म्हणजे शरदात मुलं घरी लागायची. लांब उन्हाळी सुट्टी शहरांच्या सोयीने आली आणि नंतर दोन्हीकडचं कॅलेंडर एक करताना सगळीकडे पसरली.

मिनेहाहा

धागा वाचतेय सकाळपासून. हेमांगी, तू त्या १६ नंबरच्या तुकड्याबद्दल इतकं आपुलकीने लिहिलंयस, पण ती जमीन कोणाची होती? मी मिनेसोटात राहते, इथे डकोटा आणि ओजिब्वे लोकांची होती. आणि त्यांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या त्या वेगळ्याच कामासाठी.

पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सरकारी बोर्डिंग शाळा काढली. त्याचं म्हणणं उघड होतं, मुलातला इंडियन मारून टाका आणि माणूस वाचवा. पहिल्याच तुकडीत लकोटा लोकांमधला एक मुलगा होता, त्याने मोठेपणी लिहून ठेवलंय. वर्गातल्या फळ्यावर खडूने काहीतरी रेघोट्या काढलेल्या होत्या, मुलांना वाचता येत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात एक लांब काठी दिली आणि फळ्यावरच्या एकेका रेघोटीला टोचायला सांगितलं. ज्याने जे टोचलं ते त्याचं नाव. मग ते नाव कापडावर लिहून त्याच्या पाठीवर शिवलं. तो मुलगा त्या दिवसापासून ल्यूथर झाला, ल्यूथर स्टँडिंग बेअर. केस कापले, आईची भाषा बोलली की शिक्षा. कार्लाइलच्या आवारात मुलांच्या कबरींची रांग आहे. गृहखात्याच्या म्हणजे इंटीरियर डिपार्टमेंटच्या २०२२ च्या अहवालात १८१९ ते १९६९ या काळातल्या अशा ४०८ शाळा मोजल्यात.

सगळ्यांना एका साच्यात घालायचं हे काम शाळेने इतरांवरही केलं, फक्त इतक्या क्रूरपणे नाही. कॅथलिक आयरिश आले तेव्हा शाळेत प्रोटेस्टंट बायबल वाचायची सक्ती होती, त्यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, माणसं मेली, चर्च जाळली, आणि कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. १९२२ मध्ये ओरेगनने कायदाच केला की सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, तो १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. म्हणजे शाळा निवडायचा संदीपचा हक्क तिथून येतो, आणि मला तो योग्य वाटतो.

हेमांगी_जर्सी

मिनेहाहा, जमिनीचं तू लिहिलंस ते मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. झेंड्याच्या शपथेचं पण इथेच जोडते, १९४३ च्या बार्नेट निकालाने ठरलं की कुठल्याही मुलाला झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येत नाही. आणि हा निकाल ऐन महायुद्धात दिला! आपल्या मुलांना पण सांगा, उभं राहायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

नगरचा_वाचक

आपला एक धागा ह्या गोष्टीला फार जुना जुळलेला आहे म्हणून लिहितो. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे आमच्या नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी ती शाळा बघितली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण फरार बाईंकडे झालं. अमेरिकेत तेव्हा नुकत्याच नॉर्मल स्कूल निघत होत्या, बायका शिक्षिका होत होत्या, ते वारं तिथून इथवर आलेलं. मग १८७३ मध्ये जोतीरावांनी गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि १९१३ ते १६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात होते, तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. लोकशाही म्हणजे नुसतं मतदान नाही, एकत्र जगायची रीत आहे आणि ती शाळेत शिकायची असते, हे ड्यूईंचं म्हणणं बाबासाहेबांच्या लिखाणात किती ठिकाणी सापडतं ते बघा.

अर्णवची_आई

मी इतके दिवस फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. १९७५ च्या आधी ह्या देशात त्याला शाळेने सरळ नाही म्हटलं असतं. काँग्रेसने त्या वर्षीच्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातच लिहून ठेवलंय की देशात ८० लाख अपंग मुलं आहेत, निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं सरकारी शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. आधी पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसीमधल्या पालकांनी कोर्टात जाऊन ब्राउन निकालाचाच आधार घेतला आणि मग कायदा झाला. म्हणजे वर कॅरोलिनाच्या ताईंनी ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिच्या संपाचा धागा माझ्या अर्णवपर्यंत येतो.

आयईपीची, म्हणजे अशा मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची, मीटिंग ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. एका टेबलाभोवती वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, डिस्ट्रिक्टचा माणूस आणि आपण दोघं. मूल आज काय करतं, वर्षभरात काय करायला शिकेल, आठवड्यातून किती मिनिटं थेरपी, हे सगळं कागदावर लिहायचं. मिनिटं! पहिल्या वर्षी आमच्या आधीच्या डिस्ट्रिक्टने मदतनीस द्यायला नाही म्हटलं, पैसे नाहीत म्हणाले. एका पंजाबी बाईंनी मला शिकवलं की सही करून द्यायची नाही, असहमत आहे असं लेखी द्यायचं आणि सुनावणी मागायची. मागितली, मदतनीस मिळाली. अशा मुलांवर होणाऱ्या जादा खर्चातले ४० टक्के केंद्र देईल असं ह्या कायद्यात वचन होतं, ते आजवर एकदाही पूर्ण झालेलं नाही, म्हणून प्रत्येक डिस्ट्रिक्ट हात आखडता घेतं. ज्यांची मुलं अशी आहेत त्यांनी घाबरू नका, दुभाषा मागायचा पण हक्क आहे.

सुलभा_सॅक्रामेंटो

अर्णवच्या आईला खूप शुभेच्छा. मी शाळेत लंचच्या वेळी कॅफेटेरियात काम करते. शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ चा, ट्रुमनच्या सहीचा, महायुद्धात भरतीच्या वेळी खूप तरुण कुपोषणामुळे नापास झाले होते ते एक कारण आणि शेतकऱ्यांचा जादा माल उचलायचा हे दुसरं. आज देशात रोज जवळपास तीन कोटी मुलं हे जेवण घेतात. पूर्वी आमच्याकडे मूल काउंटरवर आलं की कीपॅडवर नंबर दाबायचं, म्हणजे कोणाचं जेवण फुकट, कोणाचं अर्ध्या पैशात हे मागच्या मुलाला कळू नये. तरी मुलांना कळायचंच, मोठी मुलं लाजेपोटी उपाशी राहायची, ट्रे घ्यायचीच नाहीत. २०२२ पासून कॅलिफोर्नियात सगळ्यांनाच फुकट झालं आणि ती लाज एका झटक्यात गेली, आता रांगेत सगळे सारखे. कोविडमध्ये वर्ग बंद होते पण आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून गाड्यांच्या खिडकीतून जेवणाच्या पिशव्या देत होतो. तेव्हा मला समजलं की शाळेच्या जिवावर किती घरं चालतात.

आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळा नाकारता येत नाही हे पण लिहा कोणीतरी, १९८२ चा प्लायलर निकाल, तोही टेक्सासमधलाच. प्रवेशाच्या वेळी मुलाचा व्हिसा विचारायचा नसतो, आपल्यातल्या काही जणांना व्हिसा संपला की उगाच भीती वाटते म्हणून सांगते.

मास्तर_वाईकर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सूनबाई, एक राहिलं. त्या काउंटीत पाच वर्षं कुलूप होतं म्हणालात, त्या मुलांचं पुढे काय झालं? दुसरीतलं पोर पाच वर्षं बसून राहिलं तर त्याला परत वर्गात बसवणं किती अवघड असतं हे मी दुष्काळात गाव सोडून गेलेल्या मुलांच्या बाबतीत बघितलंय.

कॅरोलिनाची_सून

काका, सतराशेच्या आसपास काळी मुलं होती. काहींना आईबापांनी दुसऱ्या काउंटीत नातेवाइकांकडे ठेवलं, क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या संस्थेने काही मोठ्या मुलांना दुसऱ्या राज्यांतल्या घरांमध्ये राहायला पाठवलं, गावातल्या बायकांनी चर्चच्या तळघरात जमेल तसे वर्ग घेतले पण त्याला शाळा म्हणायचं नाही असं त्याच सांगायच्या, नाहीतर काउंटी म्हणाली असती की बघा, चाललंय की यांचं. १९६३ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने देणग्यांवर चालणाऱ्या फ्री स्कूल वर्षभर निघाल्या, दहाबारा वर्षांची मुलं पहिलीचं पुस्तक धरून बसलेली. १९६४ मध्ये ग्रिफिन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला तेव्हा सरकारी शाळा उघडल्या. पण बरीच मुलं तोवर शेतात नाहीतर लाकडाच्या वखारीत कामाला लागली होती ती परत आलीच नाहीत. २००४ मध्ये व्हर्जिनिया सरकारने ह्या लोकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा पन्नाशीच्या पुढची माणसं हायस्कूलच्या परीक्षेला आणि कॉलेजला बसली.

मोटन शाळेची इमारत अजून फार्मव्हिलला आहे, तिथे आता म्युझियम केलंय. नातवाला घेऊन जायचं असेल तर मला मेसेज करा, आम्ही शार्लटहून जातो त्या रस्त्याची माहिती देते.